खडूची फुली

उद्यमनगरात मी गेज लावतो.
भोकात जातो किंवा जात नाही,
तिसरं उत्तर कामावर चालत नाही.
सव्वीस वर्षं मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर पोट भरलं,
म्हणून घरातले स्पीकरसुद्धा
अंदाजानं मांडवले नाहीत.

पेट्या प्लायच्या, शिरोलीहून आणून स्वतः कापलेल्या.
शाहूपुरीतला दस्तगीर मुल्लाणी माइक घेऊन आला,
माझ्या कानाच्या उंचीला स्टँडवर चढवला
आणि लॅपटॉपातून एक शीळ सोडली
फरशीखालून निघून पत्र्यावर जाणारी.
गल्लीतली कुत्री उठली.
पडद्यावर रेघ आली :
एकशेवीसला टेंगूळ, दोन हजाराच्या अलीकडं खड्डा,
पावसाळ्यानंतरचा गगनबावड्याचा रस्ता परवडला.

तीन रविवार गेले त्यात.
कोपऱ्यातली लोखंडी ट्रंक बाहेर पडवीत,
मागच्या भिंतीवर मालनची वाकळ,
खुर्चीच्या जागी फरशीवर खडूची फुली.
फुलीवर बसायचं, हलायचं नाही.
चहाला वाकलास तरी अर्धा डेसिबल गेला, दस्तगीर म्हणाला.
तिसऱ्या रविवारी कलत्या दुपारी
रेघ पहाटेच्या रंकाळ्यासारखी पडली.
"पास," मी म्हणालो. तोंडातली सवय.

मग ती कॅसेट लावली.
गंगावेशीतल्या कुणाच्या तरी माडीवर, सत्त्याऐंशी साली
सरूबाई कागलकरांनी गायलेला बागेश्री.
टेप कुणी करून दिली तेही आता आठवत नाही.
सगळं ऐकू आलं.
तबलजीचा दाबलेला खोकला,
बशीवर टेकलेला कप,
ट्यूबलाइटची गुणगुण,
खाली रस्त्यावर सायकल लावताना स्टँडचा खटका,
आणि वरच्या षड्जावर
बाई केसभर खाली.

तीस वर्षं ऐकतोय.
तीस वर्षांत त्या कधी खाली नव्हत्या.

मालन पिठाच्या हातानं आतून आली.
"हिला बरं नाही काय?"
दस्तगीर हसला. मला हसू आलं नाही.
केबल गुंडाळता गुंडाळता म्हणाला,
"तवा माइक खिडकीत चहाच्या डब्यावर ठेवला आसंल बघ.
तू माडी कुठं ऐकतोयस लका,
डबा ऐकतोयस."

रात्री उठलो. खर्जाचं बटण दोन रेघा पुढं केलं.
ट्रंक एकट्याला हलेना,
मालननं न विचारता दुसरी कडी धरली.
बाई परत बैठकीवर बसल्या, पदर सावरून.
आवाजाला वजन आलं,
काहिलीत रस गुळावर येताना येतं तसं.
खोटं वजन, मला कळतंय.
कामावर असा नग मी लाल पेटीत टाकला असता.

खोकला गेला, कप गेला,
सायकलही गेली.
सायकलीची मात्र दोन दिवस चुटपुट लागली.
इतक्या रात्री कोण आलं होतं,
आणि वर येऊन बसलं, की जिन्यातूनच ऐकलं?

तेव्हापासून रविवारी ट्रंक बाहेर,
बाकीचे दिवस आत.
पाठीत चमक भरते. दस्तगीर म्हणतो, चाकं लाव.

एकदा मालनला त्या षड्जाचं विचारलंच.
मेथी निवडत होती, मान वर केली नाही.
"खाली कुठं?
दार ठेंगणं आसलं की वाकूनच आत येतंय माणूस."

ती फुलीवर कधी बसत नाही.
स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसते,
जिथं अर्धं गाणं भिंत पिते
आणि उरलेल्यात कुकर शिट्टी मारतो.
तरी समेवर तिचा हात थांबतो,
चिमटीत एकच पान.

मी फुलीवरून बघत राहतो.
उंबऱ्याशी अजून मी
माइक नेलेला नाही.