मंगळवारी, टेकडीवर

बिल मात्र वेळेवर येतं.
मीच आणून देतो. पोस्टमन आहे, पाप माझ्या माथी.
दोना दिओलिंदा दारात येते, हाताला पीठ,
पाकीट कोपराने दाबून धरते, विचारते,
"अबिलिओ, या महिन्यात मी कुणाशी बोलले रे?"

कुणाशीच नाही.
जानेवारीच्या बर्फात मनोरा पडला
तेव्हापासून आमच्या गावात फोन म्हणजे
चेस्टनटची सालं ठेवायची काळी काच.
कंपनीच्या नकाशात आम्ही जांभळे, गडद जांभळे,
म्हणजे म्हणे भरपूर रेंज.

तक्रार करायची तर फोन करा,
फोन करायचा तर टेकडी चढा.
तिचे गुडघे एकोणऐंशी वर्षांचे.
म्हणून दर मंगळवारी तिचा फोन माझ्या झोळीतून वर जातो,
पत्रांच्या शेजारी, पत्रासारखा मुका.

एक दाबा. चार दाबा. हॅश दाबा.
तीच बासरी, तोच मधाळ आवाज:
आपला वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे,
आणि ये रे माझ्या मागल्या, पुन्हा एक दाबा.
बेचाळीस मिनिटांनी माणूस लागला. तेल्मू नाव.
"आपण खातेदार का?"
नाही, पोस्टमन.
"खातेदारांना द्या."
त्या खाली आहेत. खाली रेंज नाही.
"मग त्यांना घरूनच फोन करायला सांगा."

मी खडकावर बसलो.

"सर, एकदा बंद करून चालू केलात का?"
मनोरा आडवा पडलाय, तेल्मू. त्यावर शेळी उभी आहे.
बोटांची टकटक. मग हळूच:
"यादीत शेळी नाहीये, सर."
थट्टा नव्हती ती. थकला होता पोरगा.
त्याच्यामागे शंभर गळे एकाच वेळी माफी मागत होते,
मासळीबाजारात भाव सांगावा तशी.
"तिकडे वारा आहे ना? ऐकू येतोय,"
म्हणाला, आणि लाइन तुटली.

पुढच्या मंगळवारी वर पोचलो तशी झोळी थरथरली.
आपली तक्रार निकाली निघाली आहे.
एक ते दहामध्ये गुण द्या.
त्याखाली लक्झेंबर्गहून लेकीचे सात निरोप,
सातवा नुसता: आई?

संध्याकाळी चष्मा लावून तिने सगळे वाचले,
सातवा दोनदा.
"गुण किती दिलेस?"
नऊ.
"नऊ!"
वाऱ्याचं विचारलं त्याने.

ती काही बोलली नाही.
बिल उलटं केलं, कोऱ्या पाठीवर
लेकीचं नाव लिहिलं, स्वल्पविराम दिला,
आणि मान वर न करता म्हणाली,
"तिकीट आहे का रे एखादं?"