जमिनीचं कपाळ

हिंगोलीच्या प्रशिक्षणात पडद्यावर एक बाहुली होती,
तिच्या अंगावर नऊ ठिपके.
हाताची कड, भुवईचं टोक, डोळ्याची बाजू,
डोळ्याखाली, नाकाखाली, हनुवटी,
गळ्याखालचं हाड, काख, टाळू.
दोन बोटांनी हलकं टॅप करा, सात वेळा, ते म्हणाले.
मी वहीत उतरवलं, चहा घेतला,
वसमतची बस धरली.
वाटेत हसूही आलं थोडं.

पण आमच्याकडं जमीन बोलते.
केव्हाही. भागाकार चालू असताना,
खिचडी वाढताना, रात्री दोनला.
धुम्म.
मग भांडी, मग कुत्री, मग माणसं.
तलाठी सांगून गेले, पत्र्यावरचे दगड खाली घ्या.
दगड खाली घेतले.
पोरांच्या छातीवरचे कुणी घ्यायचे
ते पत्रकात नव्हतं.

चौथीतला लक्षदीप वर्गात बसेना.
दाराच्या चौकटीत उभा, एक पाय आत, एक पटांगणात,
तिथूनच पाढे म्हणायचा,
सतराचासुद्धा, न चुकता.
मेहविश पाठीवरचं दप्तर काढत नव्हती.

शेवटी एका सोमवारी सगळ्यांना गोल बसवलं.
दिवस हळदीचे. गावभर हळद शिजल्याचा वास,
पोरं पहाटे आईबापासोबत खळ्यावर जाऊन आलेली,
बोटं पिवळी, नखं त्याहून.
म्हणा, मी म्हणाले, मला चिंता वाटते, तरीही...
कुणी म्हणेना.
चिंता म्हंजी काय ओ मॅडम?
अरे भेव, मेहविश म्हणाली.
हां, भेव.
मग सगळ्यांना आलं.

मला भेव वाटतं, टक टक.
मला भेव वाटतं अन् म्या हितंच बसलोय, टक टक.
हे दुसरं प्रशिक्षणात नव्हतं.
कुणी घातलं माहीत नाही, मी खोडलं नाही.
कपाळावर पिवळं, हनुवटीवर पिवळं,
बावीस पोरं, लगीनघरातून उठून आल्यासारखी.
काखेपाशी दोघं गुदगुल्या होऊन लोळले.
खिचडीवाल्या सिंधूबाई दारातून बघत होत्या.
थोपटणंच की हे, म्हणाल्या,
पाळण्यातल्याला करतो तेच,
फकस्त आता ज्याचं त्यानं.

फरक पडतो का, केंद्रप्रमुखांनी विचारलं.
रकाना होता, होय किंवा नाही.
माझी खूण मधल्या रेघेवर पडली.
मेहविशचं दप्तर आता खाली असतं,
पट्टा मात्र मनगटात.
लक्षदीप सांगतो, राती हादरा आला तवा
करडू लई वरडलं,
त्याच्या कानामागं टक टक केलं,
ते निजलं,
मग मला बी निजावंच लागलं.

काल दुपारी पुन्हा आला आवाज.
मोठा नव्हता. फळ्याखालचा खडू घरंगळून पडला.
बावीस हात भुवयांकडं गेले.
कुणी पळालं नाही.
एक जण पळाला, लघवीला, ते वेगळं.
मी हाताची कड ठोकत उभी होते,
कधीपासून, माझ्या ध्यानात नाही.

लक्षदीप चौकटीतून आत आला.
खाली बसला, फरशीला कान लावला.
मग मान वर करून,
मॅडम, जमिनीचं कपाळ कुटं असतं?

मी भूगोल शिकवते. परिसर अभ्यासही मीच.
सांगता आलं नाही.
हापशापाशी, कुणी म्हणालं. उंबरा, दुसरं कुणी.
झेंड्याचा ओटा हाय की, मागून आवाज.
तो कुणाचं ऐकत नव्हता.
बसला होता तिथंच दोन बोटं टेकवली,
हलकी,
सात वेळा.
मग थोडं थांबून, अजून दोनदा.

सायंकाळी सिंधूबाई वर्ग झाडत होत्या.
दाराजवळच्या फरशीवर
पिवळसर, बोटाएवढं काहीतरी.
त्यांचा झाडू तिथवर आला
आणि कडेनं वळून गेला.