सुकती

गाडी जुनी हवी, पंचवीस हजारांच्या आतली,
आणि बघणाऱ्याला हसू यायला हवं: नियम एवढेच.
आमची अठरा हजारांची पद्मिनी
आचऱ्याच्या डॉक्टरांच्या मांगराबाहेर
नऊ पावसाळे उभी होती.
मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली;
ती उठेपर्यंत सौदा अडला.

खाऱ्या वाऱ्यानं दारांच्या कडा कुरतडलेल्या,
हात लावला की तांबूस पापुद्रे बोटांना.
बाबी मेतर होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो.
बॉनेटात डोकं घालून तो बराच वेळ गप्प, मग म्हणाला,
"इंजिन बरा आसा. गाडीच तेवढी नाय."

रेडिएटरच्या भेगेला त्यानं फणसाचा चीक लावला,
दिव्यावर तापवून,
त्याची आई फुटक्या मडक्याला लावायची तसा.
आंतोन पिंटोनं स्टेअरिंगला सुंभ गुंडाळला.
पोफळीच्या दोन फळ्या, चाकाखाली घालायला जुनं जाळं,
आठ किलो उकडे तांदूळ, सुका गोलमा, आमसुलं,
आणि मी.
कणकवली डेपोत बावीस वर्षं
गाड्या सुटल्याचं मी भोंग्यावरून सांगितलं.
मी काही सुटले नव्हते.

सराव तोंडवळीच्या पुळणीवर.
ओहोटीला गाडी वाळूत घालायची,
मुद्दाम रुतवायची, जाळं पसरायचं, काढायची,
भरतीच्या आत.
तिसऱ्या दिवशी चुकलं. पाणी चाकांच्या वाट्यांना लागलं,
आंतोन सायबिणीला हाका मारू लागला,
रापणीवरची माणसं रापण टाकून धावली
आणि पद्मिनीला दोर बांधून ओढत सुटली.
"मासो बरो गावलो," कोणीतरी ओरडलं,
"पण खावचो कसो?"

रस्त्याचं फार सांगत नाही.
इचलकरंजीची एक शववाहिका होती आमच्या पुढं,
नाव न पुसलेली; गावोगावी लोक तिला नमस्कार करत,
आणि मागून येणाऱ्या आम्हालाही, चुकून.
दुपारी सीटच्या फोमातून कोंबडीचा वास वर यायचा
तेव्हा घर आठवायचं. दुसऱ्या कशानं नाही.

बाडमेर सोडल्यावर रुतलो.
जाळं पसरलं. आमची वाळू जाळ्यावर दबते,
ही त्याच्या भोकांतून निघून गेली
जशी काही तिला आमची ओळखच नाही.
बाबी सारखा घड्याळ बघत होता.
"आटपा," म्हणाला, "आटपा,"
त्याच्या कपाळावर तोंडवळीचा घाम.
मग त्याचं त्यालाच कळलं.
इथं काही येणार नव्हतं. पाणीसुद्धा.
तो घड्याळाचा हात मांडीखाली घेऊन बसला.
इतका वेळ मोकळा बसलेला बाबी
मी कधी पाहिला नव्हता.

शेळ्या घेऊन एक म्हातारा आला. ढकलायला हात लावला,
चहाला बसला, जाताना खिशातून दगड काढून दिला:
त्यात शिंपल्याचा ठसा, आमच्या खुब्यांसारखाच,
रेघ न् रेघ.
इथं समुद्र होता म्हणाला, आजोबांच्याही आधी,
हातानं दाखवलं: एवढा.
बाबीनं दगड जिभेला लावून पाहिला.
मग उभा राहिला, डोळ्यांवर आडवा हात धरून
वाळूच्या त्या पिवळ्या उतारांकडं
धक्क्यावरून बघतो तसं बघत राहिला.
"सुकती आसा," म्हणाला.
"वायच लांबली."

आम्ही शेवटून दुसरे आलो.
चीक अजून धरून आहे.
कोंबडी दोन दिवस गाडीभोवती फिरली, तिसऱ्या दिवशी चढली.
दगड बाबीच्या वर्कशॉपात, नटबोल्टांच्या डब्यात असतो.
इंजिन कधी होतला म्हणून कोणी खनपटीला बसलं
की तो डब्यात बोटं घालून चाचपतो
आणि म्हणतो, "येतली."