लाभ, दोन, तीन

फॉर्मवर मी लिहिलं : एम. ए., समकालीन संगीत.
अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"समकालीन म्हंजे?"
"आत्ताचं."
"मग गेल्या सालचं शिकवत न्हाईत व्हय?"

दोन सत्रं मी शिकले
फ्रीजच्या घरघरीत सा कुठे बसतो,
टाळ्या थांबल्यावर सभागृहात काय उरतं,
आणि ते उरलेलं कागदावर कसं लिहायचं.
गद्रे मॅडम म्हणाल्या, कानाच्या भिंती पाडा.
पाडल्या.
मग महिनाभर सांगली गाडीच्या खिडकीच्या काचा
मला झोपू देईनात.

तिसऱ्या सत्रात प्रबंधाला विषय सुचेना.
सुट्टीला घरी आले तर हळदीचा मोसम,
मार्केट यार्डात पिवळी धूळ
हमालांच्या पापण्यांवर, चहाच्या सायीवर.
अण्णा इथे एकतीस वर्षं तोलाईदार.
भूपाल मगदूमचा आवाज, लोक सांगतात,
शेवटच्या गाळ्यातल्या झोपलेल्या व्यापाऱ्याला उठवायचा.
पहिल्या पोत्याला एक म्हणायचं नाही,
लाभ म्हणायचं,
मग दोन, मग तीन,
आणि प्रत्येकाच्या शेपटीला वजन, लांबवून,
गंधाराच्या जरा खाली, पण कोमलाच्या वर,
जिथे माझ्या पेटीला पट्टीच नाही.

मग लाल आकड्यांचे काटे आले.
आता अण्णा बघतात आणि लिहितात.
तोंडात बडीशेप.

रविवारी यार्ड बंद होतं.
कोपऱ्यातल्या जुन्या दांडीच्या काट्यासमोर
मी मायक्रोफोन उभा केला, पातळी लावली,
पत्र्यावरच्या पारव्यांना हुसकलं.
"म्हणा अण्णा."
"काय म्हणू?"
"पूर्वी म्हणायचा तसं. पन्नास, साठ, काहीही."
"रिकाम्या काट्यावर?"
बराच वेळ ते काट्याकडेच बघत राहिले.
"एकतीस वर्सांत खोटं वजन बोललो न्हाई.
आता तुझ्या डिग्रीसाठी बोलू?"

पोती सगळी कुलपात.
मी चपला काढल्या
आणि चढले.

त्यांनी वजन सरकवलं, थोडं मागे घेतलं,
दांडी हलली, हलत राहिली,
ते थांबले.
इतकं थांबणं मला दोन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.
मग छातीच्या कुठल्या तरी जुन्या गाळ्यातून :
लाभ...
साडेअठ्ठेचाळीस...
पारवे सगळे एकदम उडाले.
(ते रेकॉर्डिंगमध्ये आहेत. काढले नाहीत.)

सॉफ्टवेअरने त्या स्वराखाली लाल रेघ मारली : बेसूर, दुरुस्त करू का?
मी नाही दाबलं.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक
स्वरलेखनाच्या चौथ्या पानावर अडले.
"इथे लयीचा आकडा नाही.
नुसतं लिहिलंय, दांडी स्थिर होईपर्यंत थांबा.
म्हणजे किती? दीड सेकंद? दोन?"
"काट्यावर कोण आहे त्यावर, सर."
त्यांनी पेन्सिलीने काहीतरी लिहिलं,
खोडलं,
पान उलटलं.

एक तुकडा मात्र प्रबंधात नाही.
साडेअठ्ठेचाळीसनंतर चार सेकंदांनी,
मी मशीन बंद करायला खाली वाकले तेव्हाचा :
अण्णांचा आवाज, अगदी जवळून, कुठल्याच पट्टीत नाही,
"बारीक झालीस गं."
त्या फाइलला नाव दिलेलं नाही.
पहिल्यांदा ऐकली ती होस्टेलवर, हेडफोन लावून,
अकराव्या सेकंदाला बंद केली,
पुन्हा लावली.
दुसऱ्या दिवशी मेसमध्ये
वाढणाऱ्या मावशींना म्हटलं,
अजून एक चपाती द्या.