एक शब्द सोडून

रजिस्टरात माझी जन्मतारीख एक जून.
त्या खोलीतल्या एकोणीस जणांची एक जूनच.
हेडमास्तरांनी एकाच बैठकीत, एकाच शाईनं
जन्माला घातलेली पोरं आम्ही.
पुढचा रकाना : अनाथ की अर्धा अनाथ.
शुलमिथबाईंनी विचारलं, वडील आहेत?
मामा म्हणाला, आहेत, पण नसल्यासारखे.
बाईंचं पेन थांबलं. रकाना तसाच राहिला.
मग माझ्याकडे वळून,
भाकरी कडक खातोस की मऊ?

आईला विडीच्या पानांचा वास होता.
मांडीवर सूप, सुपात पानं, वर खोकला.
हजाराचा हिशेब पुरा करता करता
गड्ड्याच्या जत्रेत ती गेली.
पाळण्यांचे दिवे आमच्या पत्र्यावरून फिरत होते.

आणि बाप.
मिल बंद झाली तरी भोंग्याच्या वेळेला उठायचा.
भोंगा व्हायचा नाही.
थोडा वेळ उंबऱ्यात बसून मग गुत्त्याकडे जायचा.
गल्लीत त्याचं नाव पडलं होतं पित्या.
नरश्या, दत्त्या, तसा पित्या.
पितो तो पित्या.

म्हणून बोर्डिंगातल्या पहिल्या रात्री
चाळीस पोरं डोळे मिटून उभी,
ताटात शेंगाच्या चटणीवरचं तेल हळूहळू आमटीकडे निघालेलं,
आणि सगळ्यांनी एका सुरात
स्वर्गातल्या पित्याला हाक मारली
तेव्हा मी डोळे उघडून दाराकडे बघितलं.
आला की काय बे, इथं पण?

नंतर बाईंना विचारलं,
स्वर्गात पण पितात होय?
बाईंनी कडी लावायच्या निमित्तानं पाठ केली.
कडी लावायला बराच वेळ लागला.
म्हणाल्या, तेवढा शब्द सोड तू.
बाकीचं म्हण. तेवढा मी म्हणते तुझ्या वाटचा.

तीन वर्षं म्हणाल्या.
पंगतीच्या टोकाहून ऐकू यायचं,
एकच शब्द जरा जड, दोघांचा.

देवमाणूस वगैरे नव्हत्या.
पाणी पाचव्या दिवशी यायचं,
भरलेली घागर माझ्या हातून लवंडली
तर फुटपट्टी मोडेपर्यंत मारलं.
दुसऱ्या दिवशी माझ्या ताटात दोन अंडी.
माफी नाही मागितली. मीही काही बोललो नाही, खाल्ली.
परदेशी पाहुणे आले की आम्हाला धुतलेल्या शर्टात उभं करायचे,
हसा म्हणायचे.
कुठल्या तरी थंड देशात, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात
मी अजून हसत असेन.

चौथ्या वर्षी, एका शनिवारी, बाप आला.
दाढी केलेली. काखेत मोराची चादर,
विणताना एका कडेला धागा चुकलेली,
कारखान्यानं बाजूला काढलेली.
फाटकाशीच उभा राहिला.
बाईंनी त्याला आत आणून पंगतीत बसवलं, माझ्या शेजारी.

प्रार्थना सुरू झाली. त्यानं मान खाली घातली.
तो शब्द आला
आणि बापानं झटकन मान वर केली,
कुणीतरी हाक मारली तशी.
चाळीस पोरं त्यालाच हाक मारत होती
आणि एकाच्याही आवाजात शिवी नव्हती.
तो इकडंतिकडं बघत राहिला.

त्या दिवशी बाई माझ्या वाटचा बोलल्या नाहीत.
थांबल्या.
मी म्हटला का? खरंच आठवत नाही.
बापानं भाकरी मोडली तो कडाका आठवतो.
मोठा तुकडा माझ्याकडे सरकवला, ते.
पुन्हा आला नाही तो. चादर आहे.

आता रात्री कडी मीच लावतो.
अक्कलकोटकडचा शरणू नवीन आलाय,
एक जूनचाच.
सगळं म्हणतो खणखणीत,
फक्त 'क्षमा' आली की ओठ मिटतो.
मी विचारलं नाही.
भाकरीचं तेवढं विचारलं. मऊ खातो.
आणि तिथं आलो की
माझा आवाज जरासा वाढवतो.