एक्केचाळीस

बेल दाबली आणि सवयीनं हात कमरेशी गेला.
तिथं आता किल्ल्यांचा जुडगा नाही.
बावीस वर्षं दारं मीच उघडली,
रात्री कॉटांमधून फिरत डोकी मोजली,
मग बाहेरून कडी.

आतून आवाज : "कोन?"
"मी, पारबताबाई."
"कोन पारबताबाई?"
मग हसणं, तिघांचं. मग बराच वेळ
किल्ली कुलपात उलटीच फिरत राहिली.
मी उभी. मानेवाड्याचं मेमधलं ऊन जिन्यापर्यंत,
आणि वरच्या मजल्यावरची बाई कठड्यावरून वाकलेली,
कोण आलं त्या पोरांकडे म्हणून.
त्यातला धाकटा लीलाधर, त्रेचाळीसचा.

गुणवंतानं सगळं दाखवलं :
हा नळ. हा कूलर, पानी श्रावण भरते,
सांडते बी. हा माहा दिवा.
लावला. विझवला. लावला.
तिकडं सगळ्यांचे दिवे एकाच खटक्यानं जायचे,
झोप आली असो नसो.
खटका माझ्या हाताशी होता.

"साडेपाचाला उठून बसते हा," श्रावणची तक्रार,
"घंटीची वाट पायते."
"आता नाई बसत."
"काल बसला."

चहा गुणवंतानंच केला, साखर ओतून.
मी काही बोलले नाही. कपाला कान होता.
मी त्यांना जन्मभर स्टीलचे पेले दिले,
फुटू नयेत म्हणून.

मग त्यानं शर्ट आणला, पोपटी,
बर्डीवरून स्वतः निवडलेला.
मी असते तर घेऊ दिला नसता.
"एक्केचाळीस टाकून दे."
कॉलरच्या आत, लाल दोऱ्यानं. मीच टाकायची,
धुण्याच्या ढिगात हरवू नये म्हणून.
"इथं नंबर लागत नाही रे."
"मंग माहा कसा समजंन?
लीलाधर कोनाचाबी घालते."
"पोपटी तुझा एकट्याचाच आहे."

तो विचार करत बसला.
लाईट गेली. कूलर थांबला,
आत पाणी टपकत राहिलं.
"तिकडं एक्केचाळीस कोन हाये आता?"

मला माहीत होतं.
मार्चमध्ये आला, चंद्रपूरकडचा, एकोणीस वर्षांचा.
जेवत नाही. रात्रभर दाराशी बसतो.

"कोणी नाही," मी म्हणाले.
त्यानं शर्टाची घडी घातली,
तिकडं शिकवली होती तशीच, चौकोनी,
आणि माझ्या हातातून सुई काढून घेतली.

निघाले. दार लागलं.
मी जिन्यात थांबले,
आतून किल्ली दोनदा फिरेपर्यंत.