अंदाजे

टेपचं एक टोक तलाठी अप्पांकडे,
दुसरं माझ्याकडे.
मी कोतवाल. दुसरं टोक नेहमी माझ्याकडेच असतं.

गिरणेच्या पात्रात मागे मागे सरकत गेलो,
तीस मीटरवर टेप संपला.
खड्डा संपला नाही.
अप्पा म्हणाले, राहू दे, लिही : अंदाजे.

लांबी अंदाजे. रुंदी अंदाजे.
खोली, माणसावर माणूस उभा आणि वरच्याने हात वर केलेला.
ब्रास किती, त्याला रकाना आहे.
चोर कोण : अज्ञात इसम.
अज्ञात इसम पोळ्याला माझ्याच ओट्यावर चहा पितो,
साखर जास्त लागते त्याला.
नुकसान कोणाचं : शासनाचं.

दुसरा पंच हवा होता. पात्रात एकटी ठगूबाई वाडिले सापडली,
बाभळीच्या काटक्या वेचताना.
तिचा डांगरमळा इथेच होता, खड्डा आहे तिथे.
पौष सरता सरता ती वाळू उकरायची हातभर,
ओल लागली की थांबायची,
मग मूठभर शेणखत, दोन बिया.
चैतात पाचोऱ्याच्या बाजारात तिच्या डांगरांना
बोट वाजवून बघावं लागत नसे.
बी अजून आहे म्हणते, राखेत घालून, बाटलीत.

'वाच, काय लिखेल शे.'
मी वाचलं. सगळं, शिक्क्यासकट.
ती बराच वेळ गप्प.
'यामा नदी कोठे शे, भाऊ?'

अप्पांनी शाईचा डबा पुढे केला.
अंगठा दाबला : नुसता काळा डाग.
पुसून पुन्हा. पुन्हा डाग.
चाळीस उन्हाळे वाळू उकरून
रेषाच उरल्या नव्हत्या.
हे कोर्टात टिकायचं नाही, अप्पा वैतागले.

रेषा कुठे गेल्या ते मी सांगू शकलो असतो.
वाळूत गेल्या. वाळू रात्री दोनच्या ट्रॅक्टरने
शहरात गेली, गिलाव्यात, कंपाउंडात, शाळेच्या नव्या खोल्यांत,
आणि दोन ट्रॉल्या
माझ्या घराच्या स्लॅबमध्ये.
स्वस्त पडल्या.
पावती मी मागितली नव्हती.

'समक्ष' या शब्दाखाली सही केली.
डागाशेजारी ती फार ठळक दिसत होती.

घरी आलो, आडवा पडलो.
बायकोने विचारलं, केव्हाचे वर काय बघताय?
कोपऱ्यात ओल आलीय, म्हटलं.